दक्षिणा फेलो ते तासिका तत्त्व : महाविद्यालयीन अध्यापकाच्या पूर्वतयारीचा इतिहास

प्रास्ताविक

प्राथमिक वा माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्यास विषयज्ञानाबरोबर अध्यापनशास्त्राची पदविका किंवा पदवी घ्यावी लागते. पाठ काढणे, निरीक्षकासमोर पाठ देणे, त्याची टिपणे करणे या गोष्टी त्याला नोकरीपूर्वीच कराव्या लागतात. महाविद्यालयात शिकविणाऱ्यास यांपैकी काहीही करावे लागत नाही. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, असे गृहीत धरूनच उच्च शिक्षणातील नेमणुका होत आल्या आहेत. हे गृहीतक इतके अंगवळणी पडले आहे की, त्याला काही इतिहास असेल, याकडे सहसा लक्ष जात नाही.

वस्तुतः मुंबई इलाख्यात विद्यापीठीय शिक्षणाच्या आरंभकाळी परिस्थिती वेगळी होती. पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास करणारा तरुण त्याच महाविद्यालयात खालच्या वर्गांना शिकवीत असे व त्यासाठी त्यास वेतन मिळे. पुढील दीडशे वर्षांत ही व्यवस्था मागे पडली. तिच्या जागी आधी पदवी, मग पात्रता परीक्षा आणि नेमणुकीनंतरचे प्रशिक्षण आले. हा बदल कसा घडला व त्यात कोणाला काय लाभले आणि काय गमावले गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. विवेचन मुख्यतः महाराष्ट्रापुरते मर्यादित आहे.

दक्षिणा निधी आणि फेलो

पुण्यात श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची प्रथा पेशवाईच्या काळात मोठ्या प्रमाणावर चालत असे. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ही प्रथा एकदम बंद न करता तिचा काही भाग विद्येकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा हे त्या धोरणाचे पहिले फळ होय. १८४९ मध्ये लोकहितवादी व पुण्यातील सुधारणावादी तरुणांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेच्या उत्तेजनार्थ खर्चावा, अशी मागणी केली. तीतून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. धर्मादायाचा पैसा शिक्षणाकडे वळविण्याच्या या प्रक्रियेतील आणखी एक टप्पा म्हणजे दक्षिणा फेलोशिप.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर एल्फिन्स्टन कॉलेज व पुण्याचे कॉलेज (१८६४ पासून डेक्कन कॉलेज) येथे या निधीतून हुशार विद्यार्थ्यांस फेलो म्हणून नेमण्यात येऊ लागले. फेलोचे काम दुहेरी असे. एकीकडे तो पदवीच्या किंवा एम.ए.च्या परीक्षेचा अभ्यास करी, दुसरीकडे कनिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांस शिकवी. त्याच्यावर महाविद्यालयातील प्राध्यापकांची देखरेख असे. त्यास आज ज्याला ‘टीचिंग असिस्टंट’ म्हणतात त्याचा पूर्वज मानण्यास हरकत नसावी. मात्र त्या काळी हे नावही नव्हते आणि त्यामागे प्रशिक्षणाचा काही घोषित हेतूही नव्हता. हुशार मुलगा पोटासाठी सरकारी नोकरीकडे लगेच वळू नये, एवढाच तात्कालिक हेतू असावा. प्रशिक्षण हे त्याचे उपफल होते.

त्याचा परिणाम मात्र दूरगामी ठरला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले चार बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही होते आणि दोघेही दक्षिणा फेलो होते. भांडारकरांचे उदाहरण विशेष बोलके आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातील त्यांचे शिक्षण इंग्रजी पद्धतीचे होते. संस्कृतच्या सखोल अभ्यासाकडे ते वळले ते फेलोशिपच्या काळात, शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून. म्हणजे भावी अध्यापकास कोणता विषय लागणार आहे याचा विचार त्याच्या नेमणुकीपूर्वी केला गेला आणि त्यासाठी त्यास सवड व वेतन देण्यात आले. पुढे शालेय मुख्याध्यापकपद, एल्फिन्स्टन व डेक्कन कॉलेजातील संस्कृतचे अध्यापन आणि अखेर १८९३ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद असा त्यांचा प्रवास झाला. ‘मार्गोपदेशिका’ व ‘संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका’ ही त्यांची क्रमिक पुस्तके कित्येक पिढ्यांनी वापरली. विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो हे वर्गात पाहिलेल्या माणसानेच ती लिहिली आहेत, हे त्यांतील धड्यांच्या रचनेवरून जाणवते. पाणिनीच्या सूत्रांचा क्रम बाजूला ठेवून नवशिक्याच्या सोयीचा क्रम लावणे हे काम निव्वळ पांडित्याने होणारे नव्हे.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही एल्फिन्स्टन कॉलेजात काही वर्षे फेलो होते. ते पुढे वकिलीकडे व न्यायासनाकडे गेले. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात फेलो होते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. फेलोशिपमधून सगळेच अध्यापक झाले नाहीत. ज्याला ते काम मानवले तो राहिला, ज्याला नाही तो गेला. अध्यापन आपल्याला जमते की नाही हे आयुष्य त्यात गुंतविण्यापूर्वी समजण्याची ही सोय होती, आणि नंतरच्या कोणत्याही व्यवस्थेत ती पुन्हा तशी उपलब्ध झाली नाही.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकून चालणार नाही. फेलो संख्येने मूठभर असत. निवड प्राचार्याच्या मर्जीवर असे. मराठी राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना करणाऱ्या निबंधावरून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. त्याहून मोठी मर्यादा सामाजिक होती. ज्या निधीचा उगमच ब्राह्मणांना द्यावयाच्या दक्षिणेत होता, त्याचे लाभार्थी कोण असणार हे वेगळे सांगावयास नको. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात उच्च शिक्षणावरील सरकारी खर्च वरिष्ठ वर्गांच्याच पदरी पडतो, अशी तक्रार केली होती. फेलोशिपची परंपरा त्या तक्रारीच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. शिवाय या काळातील सर्वच अध्यापन उत्तम होते असेही नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शाळा-महाविद्यालयांतील आपल्या अनुभवांविषयी लिहिलेला प्रदीर्घ लेख वाचला, तर तत्कालीन अध्यापकांविषयीचा आदर बराच आटोक्यात येतो.

शाळेतून महाविद्यालयाकडे

पूर्वतयारीची दुसरी वाट खाजगी संस्थांनी पाडली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज हा क्रम सर्वश्रुत आहे. अध्यापकाच्या घडणीच्या दृष्टीने मात्र या क्रमाकडे फारसे पाहिले गेलेले नाही. फर्ग्युसनचे पहिले प्राध्यापक हे आधी शाळामास्तर होते. वामन शिवराम आपटे, टिळक, आगरकर यांनी शाळेतील मुलांसमोर पाच वर्षे काढल्यावर ते महाविद्यालयाच्या वर्गात उभे राहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांचीही सुरुवात शाळेतच झाली. पुढे जो विषय रिकामा असेल तो शिकविण्याची तयारी दाखविल्यामुळे त्यांना ‘मागणीनुसार प्राध्यापक’ अशा अर्थाचे विनोदी नाव पडले होते. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असा त्यांचा संचार होता. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये गणिताचे प्राध्यापक म्हणून पुण्यास आले तेव्हा त्यांच्यापाशी मुंबईतील शाळांत शिकविण्याचा अनुभव होता.

आजीव सदस्यांनी मासिक ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करावी, या नियमाची चर्चा नेहमी त्यागाच्या अंगाने होते. त्याचे दुसरे अंग संस्थात्मक आहे. ज्याने वीस वर्षे राहावयाचे त्याला घडविण्यात सहकाऱ्यांचाही स्वार्थ होता. नव्या माणसाचा वर्ग कसा चालतो याकडे जुन्याचे लक्ष असे, कारण संस्थेची अब्रू व पुढील वर्षीची पटसंख्या त्यावर अवलंबून होती. हा धागा अल्पमुदतीच्या नेमणुकांच्या काळात तुटला; त्याचा विचार पुढे येईल.

पदव्युत्तर अध्यापन कोठे असावे?

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस मुंबई विद्यापीठाने स्वतःचे पदव्युत्तर विभाग सुरू केले. समाजशास्त्राच्या विभागात प्रथम पॅट्रिक गेडीस व त्यानंतर १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये होते. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अक्षय रमणलाल देसाई यांसारखे घुर्यांचे विद्यार्थी पुढे स्वतः नामवंत अध्यापक झाले. घुर्ये यांनी त्यांना ‘शिकवावे कसे’ हे शिकविल्याचे दिसत नाही. त्यांनी त्यांना संशोधनाची शिस्त लावली. विद्यापीठीय अध्यापकाची ओळख ‘चांगला शिकविणारा’ या वर्णनाकडून ‘संशोधक’ या वर्णनाकडे सरकू लागली ती साधारण याच काळात.

याच सुमारास सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या प्रश्नावलीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिलेले उत्तर या विषयाच्या इतिहासात मध्यवर्ती ठरावे असे आहे. आंबेडकर स्वतः १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यामुळे त्यांचे मत अनुभवातून आलेले होते. पदवीपूर्व शिक्षण महाविद्यालयांकडे व पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे अशी वाटणी करण्यास त्यांचा विरोध होता. अशा वाटणीने अध्यापन व संशोधन यांची ताटातूट होते आणि त्यात संशोधनाचेही नुकसान होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्यक्षात घडले ते मात्र बरेचसे त्याच वाटणीच्या दिशेने. पदव्युत्तर विद्यार्थी विद्यापीठाच्या परिसरात वाढू लागला आणि ज्या वर्गांना त्याला पुढे आयुष्यभर शिकवावयाचे होते ते वर्ग दूरच्या संलग्न महाविद्यालयांत राहिले. एल्फिन्स्टन वा डेक्कन कॉलेजात फेलो आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एकाच छपराखाली होते. ती जवळीक संपली.

आयोगांच्या शिफारशी

स्वातंत्र्योत्तर काळात उच्च शिक्षणाचा विस्तार झपाट्याने झाला. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ ही नावे केवळ संख्यावाढीची नाहीत. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते असे विद्यार्थी वर्गात आले आणि काही वर्षांतच त्यांच्यातूनच अध्यापकही आले. या नव्या वर्गाला शिकविणे पूर्वीपेक्षा अवघड होते, आणि नेमकी त्याच वेळी अध्यापकाची पूर्वतयारी सर्वांत विरळ झाली होती. एम.ए.चा निकाल जूनमध्ये लागावा आणि जुलैत त्याच मुलाने पहिल्या वर्षाच्या शंभर विद्यार्थ्यांपुढे उभे राहावे, हा क्रम रूढ झाला.

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात अध्यापकांची श्रेणीरचना व गुणवत्तेवर आधारित बढती यांवर भर दिला. पूर्वतयारीचा थेट विचार आढळतो तो डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाच्या १९६६ च्या अहवालात. नव्या अधिव्याख्यात्यास रुळण्यासाठी काही अवधी द्यावा, त्याने चांगल्या अध्यापकांची व्याख्याने ऐकावीत, प्रत्येक विद्यापीठात व शक्य तेथे महाविद्यालयातही नव्या अध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायम स्वरूपाचे स्टाफ कॉलेज असावे, अशा त्याच्या सूचना होत्या. त्यांतील खर्चाची व इमारतीची जी सूचना होती तिची अंमलबजावणी वीस वर्षांनी का होईना, झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना आखली. ही केंद्रे २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्रे व २०२३ मध्ये मालवीय मिशनची अध्यापक प्रशिक्षण केंद्रे झाली. बिनखर्चाची सूचना, म्हणजे नव्याने जुन्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसणे, ही मात्र कोठेच रुजली नाही. आपल्या महाविद्यालयांत सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसणे हा आजही जवळजवळ अपमान समजला जातो.

उद्बोधन व उजळणी वर्गांचा उपयोग झाला नाही असे नाही. दूरच्या तालुक्यातील अध्यापकाला आपल्या विषयातील इतर माणसे भेटली ती बहुधा तेथेच. परंतु हे वर्ग वेतनश्रेणीतील बढतीशी जोडले गेल्याने त्यांचे स्वरूप प्रमाणपत्राचे झाले. मुख्य म्हणजे ते नेमणुकीनंतरचे होते.

पात्रता परीक्षा

नेमणुकीपूर्वीचा उंबरठा म्हणून परीक्षा आली. मेहरोत्रा समितीच्या १९८६ च्या अहवालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अधिव्याख्याता पदासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजेच नेट, सुरू केली. पहिली संयुक्त परीक्षा डिसेंबर १९८९ मध्ये झाली. १९ सप्टेंबर १९९१ च्या विनियमांनी ती आवश्यक ठरविली. त्यानंतर महाराष्ट्र व गोव्यासाठी राज्य पातळीवरील सेट परीक्षाही आली.

या परीक्षेवर अध्यापकवर्गाकडून जी टीका होते तिच्यात तथ्य असले, तरी ती परीक्षा कशाला उत्तर म्हणून आली हे विसरता कामा नये. स्थानिक संस्थाचालकाच्या मर्जीने, नात्याने, जातीने आणि कधी देणगीने होणाऱ्या नेमणुकांना ते उत्तर होते. ज्या मुलामागे कोणीही उभे नव्हते त्याला नेटच्या प्रमाणपत्राने निदान मुलाखतीच्या दारापर्यंत नेले. दक्षिणा फेलोच्या निवडीत जी मोकळीक नव्हती ती या परीक्षेत होती. तिचे सामाजिक मोल मोठे आहे.

पण परीक्षेने निवड होते, तयारी होत नाही. २०११ अखेरपर्यंत तिसरी प्रश्नपत्रिका दीर्घोत्तरी असे. उमेदवाराला एखादा मुद्दा सुसंगतपणे मांडता येतो की नाही, एवढे तरी तिच्यातून कळे. जून २०१२ पासून तिन्ही प्रश्नपत्रिका वस्तुनिष्ठ झाल्या व २०१८ मध्ये त्या दोनवर आल्या. पहिल्या प्रश्नपत्रिकेत ‘अध्यापन अभियोग्यता’ हा घटक आहे. त्यात अध्यापनाविषयी प्रश्न असतात, अध्यापन नसते.

अमेरिकेत याच सुमारास, १९९३ मध्ये, वेगळा मार्ग चोखाळला गेला. तेथे पीएच.डी.चे विद्यार्थी पूर्वीपासून खालचे वर्ग घेत. तरीही मोठ्या संशोधन विद्यापीठात घडलेला तरुण छोट्या महाविद्यालयात गेल्यावर गोंधळतो, ही तक्रार होती. म्हणून ‘प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी’ या उपक्रमात विद्यापीठाला आसपासची लहान महाविद्यालये जोडण्यात आली. विद्यार्थ्याने तेथील एखाद्या अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली काम करावे, अध्यापनाबरोबर समित्यांचे व विद्यार्थी-मार्गदर्शनाचे कामही पाहावे, अशी ती कल्पना होती. आपल्याकडे विद्यापीठ व संलग्न महाविद्यालये यांचे जाळे आयतेच होते. त्याचा वापर परीक्षा घेण्यासाठी व संलग्नता शुल्कासाठी झाला. या कामासाठी झाला नाही.

एम.फिल.चा मध्यंतर

एम.ए. आणि पीएच.डी. यांच्या मधला दुवा म्हणून एम.फिल.कडे पाहिले गेले. १९८० च्या दशकात अधिव्याख्यात्यासाठी ती अपेक्षित अर्हता होती. नेट आल्यावर तिचे महत्त्व घटले. २००६ मध्ये पदवी स्तरावरील अध्यापनासाठी एम.फिल.धारकांना नेटमधून सूट मिळाली आणि राज्यातील कित्येक कार्यरत अध्यापकांनी सुटीतील वर्गांतून वा रजा घेऊन ती पदवी मिळविली. २००९ च्या दुरुस्तीने ती सूट काढून घेतली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करण्याचे सुचविले व नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी ती संपुष्टात आणली.

लहान प्रबंध, पद्धतिशास्त्राची एक प्रश्नपत्रिका आणि चर्चासत्रात सहाध्यायांसमोर केलेली मांडणी, एवढे एम.फिल.मध्ये होते. अनेकांच्या बाबतीत समवयस्कांपुढे उभे राहून विषय मांडण्याचा तो पहिला प्रसंग असे. परंतु धोरणाने या पदवीकडे शिकण्याची जागा म्हणून पाहिलेच नाही. ती कधी अर्हता, कधी सूट, कधी अनर्हता असे तिचे भाव चढत-उतरत राहिले. असाच खेळ १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमल्या गेलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या वाट्याला आला. त्यांच्या सेवेचा प्रश्न २०१३ मध्ये महाराष्ट्रात परीक्षाकामावरील बहिष्कारापर्यंत गेला. दोन दशके वर्ग सांभाळलेला माणूस पात्र की अपात्र, हा वाद त्याच्या वर्गात कोणीही न डोकावता चालला.

विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याची २०१८ ची तरतूद आधी पुढे ढकलली गेली व २०२३ मध्ये नेट, सेट अथवा स्लेट हीच किमान अर्हता ठेवण्यात आली.

तासिका तत्त्व

या साऱ्या घडामोडींत २०२२ च्या पीएच.डी. विनियमांतील एक तरतूद फारशी चर्चिली गेली नाही. कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाशी निगडित अध्यापन, अध्यापनशास्त्र व लेखन यांचे प्रशिक्षण घेतले पाहिजे, असे तीत म्हटले आहे. त्यास आठवड्यातून चार ते सहा तासांचे अध्यापन वा संशोधन साहाय्याचे काम, म्हणजे ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन, सोपविता येईल, असेही ती सांगते. शब्दांपुरते पाहिल्यास दक्षिणा फेलो जवळपास दीडशे वर्षांनी परतला आहे, आणि या वेळी जातीची अट नाही.

पण तो प्रत्यक्षात आधीच वर्गात आहे. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत रिक्त पदांच्या जागी तासिका तत्त्वावर शिकविणारे बहुसंख्य तरुण नेट-सेट उत्तीर्ण आहेत, अनेक जण पीएच.डी. करीत आहेत किंवा झाले आहेत. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते, सुटीत मिळत नाही. काही जण दोन-तीन महाविद्यालयांत तास घेतात. फेलोप्रमाणे तेही शिकता शिकता शिकवितात. फरक इतकाच की, फेलोवर प्राध्यापकाची नजर होती आणि दोन-चार वर्षांनी पुढे काय, याचे उत्तर होते. तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या वर्गात कोणी येत नाही, उद्बोधन वर्गाला त्याला सहसा पाठविले जात नाही आणि पुढच्या जूनमध्ये तो त्याच महाविद्यालयात असेल याची शाश्वती नसल्याने त्याला घडविण्यात कोणाचा स्वार्थही नाही.

नव्या विनियमांतील चार ते सहा तास कोठे व कोणाच्या देखरेखीखाली भरावयाचे, याचे उत्तर प्रत्येक विद्यापीठाने आपल्या नियमावलीत द्यावयाचे आहे. संशोधन केंद्र ज्या महाविद्यालयात आहे तेथील ज्येष्ठ अध्यापकाच्या कार्यभारात या देखरेखीचा एखादा तास धरला जातो का, आणि तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या संशोधकाचे तास त्याच्या पीएच.डी.च्या नोंदीत येतात का, हे दोन मुद्दे त्या नियमावलीत पाहावयास हवेत. अभ्यास मंडळे व संशोधन मान्यता समित्या यांवर महाविद्यालयांतील अध्यापकही असतात. हे दोन्ही प्रश्न तेथे त्यांना मांडता येतील.